वच्छलाबाईंच्या हातावरचं ऊन

वच्छलाबाईंना पहिल्यांदा बघितलं ते पैठणच्या एसटीत. नेमणुकीचा कागद हातात घेऊन मी औरंगाबादच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून निघाले होते. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "त्या शाळेत चाललात व्हय? मंग माझ्यासंगंच उतरा. मी तिथंच हाये." साल चौऱ्याऐंशी. तिथून पुढं आम्ही दोघींनी पैठण रस्त्यावरच्या त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत एकत्र नोकरी केली. मी भाषा शिकवायची, त्या विज्ञान.

वच्छलाबाई अजिंठा लेण्यांजवळच्या फर्दापूरच्या. वडील सांडू, कापूस-ज्वारी करणारे शेतकरी. सात भावंडांत शाळेत टिकल्या त्या एकट्याच. अंगानं उंच, आवाज खणखणीत आणि रंगानं काळ्या. सावळ्या वगैरे म्हटलं तर त्यांना आवडायचं नाही. "काळ्या रानातली काळी माणसं आमी. सावळी कशाला म्हणता? मी काय लाजतीये का?" असं म्हणून त्या हसायच्या. नवरा बन्सी. पुढं वाळूजला कारखाने आले तेव्हा तो तिथल्या एका कारखान्यात लागला, शिफ्टच्या बसनं जायचा. माणूस कमी बोलायचा, पण बोलला की ऐकत राहावं असं.

एका दुपारी तास संपल्यावर वच्छलाबाई शाळेच्या हौदावर हात धूत होत्या. तो हौद पोरं रोज सकाळी मिळून भरायची. उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात खडूची भुकटी बसलीय असं त्यांना वाटलं. त्यांनी चोळलं, साबण लावला, पुन्हा चोळलं. भुकटी जाईना. मग त्या थांबल्या आणि हात उन्हात धरून बघत राहिल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "मीनाक्षीबाई, हा खडू नाय."

महिन्याभरात मनगटावर डाग आला, मग दुसऱ्या हातावर, मग ओठांच्या कडेला. काळ्या रंगावर पांढरं फार उठून दिसतं. आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे मासळीवर दूध प्यालं असेल, कुणी म्हणे मागच्या जन्माचं. एक-दोघींनी तर महारोगच ठरवून टाकला. त्यांच्या सासूबाईंनी डागांवर लावायला बावचीचं तेल आणून ठेवलं होतं. बन्सीनं ती बाटली फळीवर सरकवली आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून बायकोला सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. माणसाच्या कातडीचा वरचा थर सारखा झिजत असतो आणि खालून नवा येत असतो. त्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. रोगाशी लढायला शरीराची जी स्वतःची फौज असते, ती कधी कधी चुकून या पेशींवरच चालून जाते. पेशी मेल्या की तेवढ्या जागेचा रंग जातो, बाकी काही जात नाही. हा महारोग नाही, शिवल्यानं लागत नाही, याच्यात पाप-पुण्य नाही. औषधानं रंग परत येईलही, कदाचित येणारही नाही.

बाहेर आल्यावर वच्छलाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडल्या. हे त्यांनीच मला सांगितलं. बन्सी शेजारी बसला आणि म्हणाला, "रंग जातोय ना? जाऊ दे. तू कुठं चाललीस?"

गावाला मात्र डॉक्टरांचं म्हणणं कोण सांगणार? पोरांना घरून ताकीद मिळाली की बाईंच्या हातचं पाणी प्यायचं नाही. मग पाचवी-सहावीच्या वर्गातली पोरं कमी होऊ लागली. शेवटी शाळा समितीवरचे आप्पासाहेब स्वतः आले. जायकवाडीच्या कालव्यावर त्यांचा ऊस होता आणि गावात त्यांचा शब्द चालायचा. वाईट माणूस नव्हता. खुर्चीवर बसून त्यांनी सौम्यपणे सांगितलं, "बाई, तुमी बदली करून घ्या. मी वर बोलतो. शहराजवळची शाळा मिळंल."

"कशापायी, आप्पासाहेब? मला शिकवता येत नाय का?"

"तसं नाय. पण लोकांच्या मनात भ्या बसलंय."

"मंग भ्या घालवू ना. मी गेल्यावर ते इथंच राहील की. उद्या दुसऱ्या कुणाला डाग आला तर त्याला कुठं धाडणार?"

आप्पासाहेब उठून गेले. बाईंनी बदलीचा अर्ज केला नाही.

त्या फेब्रुवारीत सहल ठरली, अजिंठ्याची. सहलीला आलेल्यांत दगडाबाईची आशा होती. दगडाबाई रोजानं शेतात खुरपायला जाणारी, नवरा वारलेला. तिनं कुणाचं न ऐकता पोरीला शाळेत धाडणं चालू ठेवलं होतं. लेण्यांत अंधाराला डोळे सरावले तशी भिंतींवरची माणसं दिसू लागली. गोरी, गव्हाळ, तांबूस, काळी, सगळ्या रंगांची. मोत्यांची माळ घातलेल्या एका काळ्या बाईसमोर आशा थबकली. "बाई, ही तर आपल्यासारखी हाये!"

"आपल्यासारखीच," वच्छलाबाई म्हणाल्या. "आणि बघ, चितारणाऱ्यानं दागिने कुणाला घातलेत."

लेण्यांबाहेरच्या वाटेवर सावली नाही. पोरांना मोजत, हाकारत, वच्छलाबाई दिवसभर उन्हात उभ्या होत्या. परतीच्या गाडीत त्यांचे हात चुरचुरायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत आल्या तेव्हा हातावरचे पांढरे चट्टे लालभडक झाले होते आणि मनगटावर फोड आले होते. त्याच मनगटावर, फोडाला अगदी चिकटून असलेली काळी कातडी जशीच्या तशी होती, तिला काही झालं नव्हतं. नकाशावर सीमा आखावी तशी रेघ होती.

मी मलम आणायला धावले. बाईंचं लक्ष दुखण्याकडं नव्हतं. हात खिडकीशी धरून त्या टक लावून बघत होत्या. "मीनाक्षीबाई, ऊन एकच, हात एकच. पांढरं भाजलं, काळं नाय भाजलं. मी इतकी वर्षं पोरांना शिकवते आणि हे माझ्या अंगावर आज कळतंय."

त्या पुन्हा डॉक्टरांकडं गेल्या, पण या वेळी औषधापेक्षा प्रश्नच जास्त घेऊन. डॉक्टरांनी त्यांना एक पुस्तक वाचायला दिलं. दोन आठवड्यांनी पालकांची सभा होती. तिथं बोलायची परवानगी बाईंनी मुख्याध्यापकांकडून मागून घेतली.

शाळेच्या अंगणात कडुलिंबाखाली लोक बसले होते. पुरुष पुढं, बायका मागं. आप्पासाहेब खुर्चीवर. वच्छलाबाईंनी पदर खोचला आणि दोन्ही हात सगळ्यांसमोर धरले. खपल्या अजून पुरत्या गेल्या नव्हत्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "चोरून बघता ना? आज नीट बघा. ह्याला कोड म्हणतात. हे शिवून लागत नाय. माझा नवरा रोज माझ्या हातचं जेवतो, त्याला काय झालंय? आता दुसरं बघा. पांढरी जागा उन्हानं भाजली. काळी जागा भाजली नाय. का?"

त्यांनी मनगट सगळ्यांना दिसेल असं फिरवलं.

"सगळ्या दुनियेतल्या माणसांच्या कातडीत रंग करणाऱ्या पेशी जवळपास सारख्याच असतात. गोऱ्या साहेबाच्याबी तेवढ्याच. फरक एवढाच, की आपल्या पेशी रंग जास्त करतात. त्या रंगाचे बारीक कण पेशीच्या गाभ्यावर टोपीसारखे बसतात आणि कडक ऊन आत जाऊ देत नायत. ऊन आत गेलं तर कातडी भाजते, कॅन्सर व्हायची भीती वाढते. रक्तातलं एक जीवनसत्त्व उन्हानं नासतं, आणि तेच पोटातल्या लेकराच्या वाढीला लागतं. जिथं सूर्य डोक्यावर तापतो तिथं काळी माणसं जगली, त्यांची लेकरं जगली. हजारो वर्षं असंच चालत आलं."

मागून दगडाबाईचा आवाज आला. "बाई, मंग थंड मुलखातली माणसं गोरी कशानं झाली?"

"चांगलं इचारलं, दगडाबाई. हाडं बळकट व्हायला कातडीला थोडं ऊन लागतंच. उत्तरेच्या मुलखात ऊन तिरपं नि कमी. तिथं काळ्या कातडीला ते पुरंना. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिथली कातडी उजळ होत गेली. त्यांच्या मुलखाला त्यांचा रंग बरोबर, आपल्या मुलखाला आपला. वरचा नाय, खालचा नाय."

"म्हंजी आमच्या काळेपणाचं काम हाये म्हणा की," दगडाबाई म्हणाली. बायकांमध्ये हसू फुटलं.

"काम हाये म्हणजे? वैशाखात तू दिवसभर खुरपतीस, ते कुणाच्या जिवावर? माझी ती टोपी काढून घेतली गेली तवा मला तिची किंमत कळली. तुझ्या अंगावर ती अजून हाये. कुणी पोरीला काळी म्हणून नाव ठेवलं ना, तर त्याला माझ्याकडं धाड."

आप्पासाहेब खाकरले. "बाई, हे पुस्तकातलं झालं. पण पाण्याचं काय?"

उत्तर दगडाबाईनंच दिलं. ती उठली, पुरुषांच्या रांगांमधून पुढं आली, टेबलावरचा बाईंचा अर्धा प्यालेला तांब्या उचलला आणि तोंडाला लावून संपवला. तोंड पुसत म्हणाली, "गोड हाये." आणि परत जागेवर जाऊन बसली.

लगेच सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी आशाबरोबर शेजारची दोन पोरं आली. काही घरं वर्षभर अडून राहिली. दोन पोरं कायमची दुसऱ्या शाळेत गेली. पण वर्ग पुन्हा भरला. आणि वच्छलाबाईंचा 'कातडी' हा धडा असा काही गाजला की शेजारच्या शाळेतले शिक्षक तो ऐकायला येऊ लागले. बाई पोरांना एकमेकांच्या हाताशेजारी हात ठेवायला लावायच्या आणि शेवटी स्वतःचा हात त्यात ठेवायच्या. "सांगा, मी कुठल्या देशाची?" वर्ग ओरडायचा, "इथलीच!"

औषधानं रंग परत आला नाही. उलट तो पसरतच गेला आणि काही वर्षांत चेहराही सगळा पांढरा झाला. बाईंनी औषध थांबवलं, लांब बाह्यांची पोलकी शिवून घेतली आणि काळी छत्री धरली. एकदा आम्ही फर्दापूरला गेलो होतो. दगडाच्या मूर्ती विकणारा एक माणूस त्यांच्या मागंच लागला, "मॅडम, लुक, लुक! व्हेरी ओल्ड!" बाई वळल्या. "आरं, कशाची ओल्ड? कालच घासलीस की! सांडूची लेक हाये मी, वरल्या आळीची." त्या माणसाचं तोंड बघून मी हसत खाली बसले. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. घरी येऊन बन्सीला त्यांनी ते तीनदा सांगितलं.

आशा बारावी झाली, परिचारिकेचं शिक्षण घेऊन पैठणला नोकरीला लागली. तिचं लग्न ठरलं तेव्हा दगडाबाई शहरात वच्छलाबाईंच्या घरापर्यंत आमंत्रण घेऊन आली; मीही तिथंच होते. वच्छलाबाईंना म्हणाली, "पोरीला पहिली हळद तुमी लावायची."

कोड असलेल्या बाईला हळदीला कुणी बोलवत नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. "दगडाबाई, मी येते. पण लोकं बोलतील. तुला तुझ्या पोरीचं लगीन निभवायचंय."

"बोलू द्या की. तिला शिकवलं कुणी? तिच्या काळ्या तोंडाला चांगलं कुणी म्हणलं? मंग हळद दुसरी कोण लावणार?"

मांडव दगडाबाईच्या घरापुढंच घातला होता. आशा पाटावर बसली होती, पिवळी साडी, आईसारखाच तुकतुकीत काळा रंग. जमलेल्या बायका मागं सरकून उभ्या होत्या. पुरुषांत आप्पासाहेब होते, काठी टेकून. वच्छलाबाईंनी बांगड्या मागं सारल्या, हळदीत बोटं बुडवली आणि आशाच्या दोन्ही गालांवर लावली. आशानं डोळे मिटले नाहीत, त्यांच्याकडं बघत राहिली. मग आपल्या हातानं थोडी हळद घेऊन तिनं बाईंच्या पांढऱ्या गालाला लावली.

बायकांनी हळदीचं गाणं सुरू केलं. जेवणं उठल्यावर आप्पासाहेब आमच्याजवळ आले आणि वच्छलाबाईंना म्हणाले, "बाई, माझी नात यंदा पाचवीला येतीये. तुमच्याच वर्गात घाला."

"घालते," बाई म्हणाल्या. "तिला म्हणावं, हौदाचं पाणी सगळ्यांनी मिळून भरायचंय. यायला उशीर नको."