पालव्याचा अपोलो

ग्रीकांचा देव आमच्या घरात शिरला तो रेडिओतून. त्या पावसाळ्यात माणूस चंद्रावर उतरला आणि आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात, म्हणजे अंधेरीच्या पार समुद्राकडच्या टोकाला, जो तो अपोलो अपोलो करत सुटला. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, माणसं रिकामी. जाळी विणता विणता चंद्राच्या गप्पा रंगायच्या. माझ्या बाबांना तर त्या यानाचं वेडच लागलं होतं.

मी तेव्हा हायस्कुलात होते. बाईंनी वर्गात सांगितलं की अपोलो हा ग्रीकांचा देव, रथात बसून सूर्य फिरवणारा. सूर्याचा देव आणि पाठवला चंद्रावर, हा काय कारभार! मी घरी येऊन तणतणले, तर बाबा उलट खूश झाले.

"सूर्यदेव? मंग तो आपलाच की गो. रोज सांजचा आपलेच दर्यान उतरतं."

त्याच वर्षी बाबा नवी नाव बांधत होते. मशीनची, वेसाव्यात तेव्हा थोड्यांकडेच होती तशी. आमच्यात नावेला देवीचं नाव द्यायची रीत. बाबांनी मात्र अपोलो ठरवलं, आणि त्यामागे नुसतं चंद्राचं वेड नव्हतं. मावशीच्या लग्नात भर पंगतीत आजोबा, म्हणजे आईचे वडील, बाबांना म्हणाले होते की तुझ्या त्या फळकुटावर माझी पोर एक दिवस उपाशी मरेल. बाबा पानावरून उठले ते उठलेच. त्यानंतर आईचं कुलाब्याचं माहेर तुटलं. आता चंद्रावर जाणाऱ्या यानाचं नाव मिरवणारी नाव त्या म्हाताऱ्याच्या नाकासमोरून न्यायची, एवढंच बाबांच्या मनात होतं.

आई याबद्दल कधी बोलली नाही. अंधेरीच्या बाजारात कुलाब्याकडची कुणी कोळीण भेटली की मासळीचा भाव करता करता हळूच बापाची खबर विचारायची. खबर बरी असली की त्या दिवशी आम्हाला रागावायची नाही. मला ते कळायचं आणि बाबांचा भयंकर राग यायचा. पण बाबाही माझेच होते.

नाव लिहायला साकीनाक्याहून पेंटर आणला, ट्रकच्या पाट्या रंगवणारा. त्यानं मोठ्या पांढऱ्या अक्षरांत अपोलो लिहिलं आणि बाजूला हौसेनं पिवळा गोल चंद्र काढला. रंग ओला होता तेवढ्यात आई बाजारातून आली. आईला वाचता येत नसे.

"काय लिवलाय गो?"

"अपोलो," मी म्हटलं.

आईनं डोक्यावरची पाटी वाळूत ठेवली. "अपोलो? आपला पालवा?"

इथं जरा थांबून सांगायला हवं. आईचं माहेर कुलाब्याचं. जिथं आता लोक समुद्र बघायला जातात, ते तिच्या लहानपणीचं पालवा बंदर. म्हणे साहेबाच्या तोंडात पालवा बसेना, म्हणून त्यानं आपल्या ओळखीचा देव तिथं आणून बसवला आणि बंदर अपोलो झालं. शिकलेले लोक, टॅक्सीवाले सगळे अपोलो बंदरच म्हणायचे. आईच्या लेखी अपोलो हे पालव्याचं शहरी नाव. ग्रीकांचा देव, चंद्रावरचं यान यांच्याशी तिला काही कर्तव्य नव्हतं.

हल्ली कुणी मला विचारलं की त्या परक्या पुराणांचा आपल्याशी संबंध काय, तर मी चिडते. नकाशांच्या पुस्तकाला ॲटलास म्हणता ते कोणाचं नाव? नातवाच्या संगणकात काहीतरी घुसलं, त्याला तो ट्रोजन म्हणाला, तो घोडा कुठला? हे देव आणि घोडे न विचारता घरात येऊन बसतात. आपण त्यांना आपल्या कामाला लावतो, झालं.

तर आई त्या ओल्या अक्षरांकडे बघत उभी होती. चंद्र तिला नारळी पौर्णिमेचा वाटला असणार. तेवढ्यात बाबा आले. आई त्यांच्याकडे वळली. तिचा असा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

"माजे बापाचे बंदराचा नाव ठेवला तुमी?"

बाबांनी तोंड उघडलं. चंद्र, यान, म्हातारा, सगळं त्यांच्या जिभेवर आलं असणार. खरं सांगितलं असतं तर आई एक शब्दही बोलली नसती, पाटी उचलून घरात गेली असती आणि पुढं जन्मभर बाजारातच बापाची खबर काढत राहिली असती. बाबा तिच्याकडे बघत राहिले, मग खाली बघून म्हणाले, "हां."

दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून ते कुणाला न सांगता कुलाब्याला गेले. सासऱ्यांशी काय बोलले ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. आजोबा मात्र नव्या नावेच्या पूजेला आले, लाल टोपी घालून, तोंड वाकडं करून.

नारळी पौर्णिमेचा तो दिवस अजून आठवतो. ढोल, ताज्या रंगाचा वास, अंगभर दागिने घातलेल्या बायका, आणि अजून कुणी विकत न घेतलेला आमचा किनारा. मला त्या दिवशी एकदा परत जायचंय, बस.

आजोबांनी नावेभोवती फेरी मारली. फळ्या ठोकून पाहिल्या. खोड निघेना. मग अक्षरांवर बोट ठेवून मला विचारलं. मी वाचून दाखवलं.

"अपोलो?" ते पुटपुटले. "पालवा?" मग बाबांकडे न बघताच विचारलं, "कोनी ठेवला यो नाव?"

"तुमचे पोरीनं," बाबा म्हणाले, आणि फोडायचा नारळ त्यांनी सासऱ्यांच्या हातात दिला.