कपाळावरची राख

१८ फेब्रुवारी, बुधवार. नागपूरहून परत आलेले चौदा खोके उघडून तपासायचे होते. मानकोलीच्या गोदामात मी चेकर आहे. परत आलेला माल बघायला कुणाला आवडत नाही, म्हणून तो माझ्याकडे येतो.

तो राखेचा बुधवार होता. आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ त्या दिवशी सुरू होतो. सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाऊन कपाळावर राखेचा क्रूस घेतला आणि तशीच ड्युटीवर आले. वॉचमन दरवर्षीप्रमाणे म्हणाला, "आंटी, माथे पे कुछ लगा है." मी दरवर्षीप्रमाणे म्हटलं, "मालूम है." ती राख पुसायची नसते, दिवसभरात आपोआप जाते. मी ख्रिस्ती आहे हे गोदामात सगळ्यांना ठाऊक आहे. जेवणाआधी मी प्रार्थना करते तेव्हा शेजारच्या बायका डबे उघडून थांबतात. एखादी म्हणते, "आंटी, माझी शिफ्ट बदलायचं पण सांगा तुमच्या देवाला."

खोक्यांत कुकर होते. आतल्या चिठ्ठीवर नाशिक, बाहेरच्या लेबलवर नागपूर. आमच्याकडे खोका भरणारी बाई आत आपल्या नंबरची चिठ्ठी टाकते. चूक निघाली की तो नंबर बघतात. चौदाही खोक्यांत एकच नंबर होता, टेमघरहून येणाऱ्या नव्या मुलीचा. तिला कामावर कायम ठेवायचं की नाही हे अजून ठरायचं होतं.

लेबलं मी लावली होती. गेल्या गुरुवारी खोके भरून झाल्यावर तिला घरून फोन आला म्हणून ती बाहेर गेली होती. ट्रक उभा होता. मी तिच्या जागी बसले आणि घाईत शेजारचा, नागपूरच्या लेबलांचा रोल उचलला. दुसरा खोका उघडतानाच मला ते आठवलं.

सुपरवायझरने तिला बोलावलं. पोरगी खोक्यांकडे बघत राहिली.

"मी लावलं न्हाय वाटतं, सर. का मीच लावलं? आठवत न्हाय."

"आठवत नाही! उद्या रिपोर्ट जाईल. मग घरी बसून आठव." तो माझ्याकडे वळला. "आंटीला विचारू. आंटी आज देवाकडून आलीय, खोटं बोलणार नाही."

सगळ्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं.

मी म्हटलं, "चिठ्ठी तिचीच आहे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते वाक्य निवडलं होतं. सोळा वर्षांत माझ्या नावावर एक चूक नाही, आणि ती राख लावून सगळ्यांसमोर कबूल करायची मला लाज वाटली. पोरीने मान खाली घातली आणि चूक आपलीच आहे असं मानून रडायला लागली. जेवणाच्या सुट्टीत मी नळावर गेले आणि कपाळ साबणाने धुतलं. आरशात बघितलं, स्वच्छ होतं. माझा उपास होता, तरी बायकांनी सवयीने डबे उघडून माझ्या प्रार्थनेची वाट पाहिली. मी म्हटलं, "जेवा तुम्ही." त्या दिवशी मी प्रार्थना केली नाही.

घरी जाऊन भांडी घासली, पेज प्यायले, उद्या काय बोलायचं ते ठरवलं. लांबलचक बोलण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळे हजेरीला उभे होते, तेव्हाच सुपरवायझरला सांगितलं, "ती लेबलं मी लावली. रिपोर्टात माझं नाव घाला. काल हे मला माहीत होतं."

तो म्हणाला, "आंटी, तुम्ही पण?"

"मी पण."

पोरगी रांगेतून पुढे आली. "मंग काल मला रडवलं कशाला?"

"घाबरले होते," मी म्हटलं. "माफ कर."

मी रिपोर्टावर सही केली आणि ते चौदा खोके पोरीच्या टेबलाशी ओढत नेले. ती जुनी लेबलं खरवडून काढत गेली, मी नाशिकची लावत गेले, प्रत्येक लेबल तिला वाचून दाखवून.