पाठीवरचे डोळे

आबांचे डोळे बघून कुणाला शंका आली नसती. स्वच्छ, पाणीदार. डॉक्टरांनी काचबिंदू सांगून झाला होता, तरी "झक्कास दिसतंय की" म्हणत ते रोज आईला स्कूटरवर मागे बसवून शाहूपुरीत भाजीला जायचे. मला ते खरं वाटत नव्हतं. पण जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या हट्टी माणसाला खोटं पाडणार कोण?

मागच्या उन्हाळ्यात माहेरी गेले होते. संध्याकाळी खिडकीच्या जाळीवर एक लांबट भुंगेरा सापडला. आबांना आवडेल म्हणून त्यांच्यापुढे टेबलावर उताणा ठेवला. तो जरा वेळ मेल्यागत पडून राहिला, मग टक्कन वाजला, हवेत उडाला आणि पायांवर पडला.

"टिचकी मारणारा!" आबांचा चेहरा खुलला, आवाज वर्गातला झाला. "बघ, अंग कसं होडीसारखं, मागं निमुळतं. खांद्यांचे कोपरे टोकदार. मिशा दातेरी. आणि मानेवरच्या ढालीवर ते दोन काळे गोल डोळे, भोवतीनं पांढरी कड. खोटे हायत बरं का, पाखरांना भ्या दाखवायला. खरे डोळे पुढं, बारकेच."

मी वाकून पाहिलं. होडी होती, कोपरे होते, मिशाही होत्या. ढालीवर मात्र काही नव्हतं. हा आपला मातकट, अंगावर बारीक करडी लव असलेला साधा भुंगेरा. आबा भलत्याच जातीचं वर्णन घडाघडा म्हणत होते.

"आबा, ह्याच्या पाठीवर डोळे नाहीत."

ते हात पुढे करून टेबल चाचपू लागले. भुंगेरा पार दुसऱ्या कडेला पोचला होता.

"न्हाय दिसत," ते म्हणाले. "उजेड तेवढा कळतोय."

"आणि स्कूटर?" मी ओरडलेच.

"रस्ता पाठ हाय की मला."

आई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि मी सांगतो की मागनं. डावं, उजवं, म्हस आली, थांबा."

मला दोघांचा संताप आला आणि रडूही फुटलं. उठून स्कूटरची किल्ली घेतली, पर्समध्ये टाकली. तशी दोघंही एकदमच म्हणाली, "मग आम्ही भाईर पडायचं कसं?"

मला दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंगपूरला परत जायचं होतं.