आभाळ भरायचं राहिलेलं चित्र

भूतखेत, भानामती, अंगात येणं... यातलं मला कधीच काही पटलं नाही. घरचे म्हणतात, हा देवापुढेही टेस्टर घेऊन उभा राहील! मल्टिमीटरचा काटा हलला तर करंट आहे, नाही हलला तर नाही — इतकी माझी साधी श्रद्धा. तरीही हे लिहितोय.

२००३ सालच्या मार्चमधली दुपार. सेलूला एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. हिंगणीच्या बसमधून एक काकाजी आणि मावशी उतरून थेट माझ्याकडे आले. काकाजींच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेला मॉनिटर. तो जुना, मागे ढेरी असलेला.

"चालूच होऊन नाई राह्यला, भाऊ," काकाजी म्हणाले. "आमच्या वैशूचं चित्र आहे याच्यात. हिले दाखवाचं आहे."

वैशू त्यांची एकुलती एक मुलगी. कॉम्प्युटर शिकत होती. दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. जायच्या आधी तिने माउसने आईचं चित्र काढायला घेतलं होतं — कापूस वेचतानाचं.

"रोज म्हणे, आई, पाहून घे ना," मावशी खाली बघत बोलल्या. "मी म्हणो, काम पडलं आहे, मंग पाहतो. अन् पोरगी गेल्यावर हिंमतच नाई झाली. आज म्हटलं, पाहाचंच."

"सारं झालं होतं," काकाजी म्हणाले. "आभाळ तेवढं भराचं राह्यलं. पांढरंच होतं."

"आणि तो दुसरा डबा? सीपीयू कुठाय?"

"तो खालचा? नुसता घूं घूं करे. त्याच्यात काय दिसते? देऊन टाकला भंगारवाल्याले."

चित्र त्या डब्यातच होतं... मॉनिटर म्हणजे नुसता आरसा. सांगायला तोंड उघडलं, मावशींकडे पाहिलं आणि मिटलं. भित्रा माणूस आहे मी. म्हटलं, आधी दुरुस्त करू, स्क्रीन काळीच राहिली की मग सांगू.

मॉनिटरची सिग्नलची वायर लोंबत होती. "काकाजी, हे टोक धरून ठेवा, पिना वाकतील," मी म्हणालो. त्यांनी ते लेकराचं बोट धरावं तसं मुठीत धरलं.

पॉवर कॉर्ड बदलून पाहिली, बटण तपासलं. दिवा लागेना. मागचं झाकण काढलं तर फ्यूज उडालेला. नवा बसवला, झाकण लावलं, बटण दाबलं. नारिंगी दिवा लागला. नारिंगी म्हणजे करंट आहे, पण कॉम्प्युटरकडून काही येत नाहीये. येणार कुठून? मी घसा खाकरला...

आणि दिवा हिरवा झाला.

धुकं विरावं तशी काच हळूहळू उजळली. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वेड्यावाकड्या ओळी. लाल लुगड्यातली बाई, कमरेची ओटी कापसाने टम्म फुगलेली. वर निळंशार आभाळ, अगदी कडेपर्यंत. स्टँडवरचा गलका कुठे गेला कोण जाणे. खरं तर मी घाबरायला हवं होतं... पण इतकं शांत वाटत होतं की तिथून हलूच नये.

मावशींनी काचेवर तळवा ठेवला. चटचट आवाज झाला. "एवढा कापूस मी कधी वेचला वं, पोरी?" त्या म्हणाल्या आणि हसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हसत होत्या.

मी काकाजींकडे पाहिलं. वायरीचं टोक त्यांच्या मुठीतच होतं.

थोड्या वेळाने दिवा पुन्हा नारिंगी झाला. त्यानंतर मी शेकडो मॉनिटर उघडले. बंद केल्यावर उरलेल्या करंटने काच क्षणभर चमकते, हे खरं. पण ती चित्र काढत नाही. माझ्यातला मेकॅनिक इथे हात टेकतो.

काकाजींनी मॉनिटर चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतला. मावशी पुढे गेल्या. ते पायरीवर थांबले.

"लय उपकार झाले, भाऊ. पण आभाळ... ते तुमीच भरलं का?"

मी फक्त फ्यूज बदलला होता.