गोदाबाईचा हिरवा मका

चांदूर रेल्वेजवळच्या त्या खेड्यात गोदाबाईच्या गायींचं नाव होतं. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं गोठा सांभाळला. तीन गायी, तिन्ही तिच्या हाताखाली वाढलेल्या. पान जितकं काळंभोर हिरवं, तितकी त्यात प्रथिनं जास्त, असं तिनं कुठल्याशा मेळाव्यात ऐकलं होतं. म्हणून यंदा चाऱ्याच्या मक्याला तिनं दुप्पट युरिया टाकला.

मग पावसानं दडी मारली. आभाळ नुसतं भरलेलं, ऊन म्हणून पडेना. मका मात्र हिरवागार दिसत होता. शेजारच्या नत्थुजींची गाय नुकतीच व्याली होती. सकाळी गोदाबाईनं मका कापून आपल्या गायींना घातला आणि एक भारा त्यांच्या अंगणात नेऊन टाकला.

"कायले तरास घेता, वयनी?" नत्थुजी म्हणाले.

"खाऊ द्या तिले. बाळंतीण हाय."

दुपारच्या आतच गोदाबाईची एक गाय थरथरत खाली बसली. तोंडाला फेस, हिरड्या निळसर. जनावरांची डॉक्टर आरती येईपर्यंत दुसरीही आडवी झाली होती. सुई टोचली तर रक्त काथाच्या पाण्यासारखं तपकिरी आलं.

"युरिया फार झाला, बाई," आरती म्हणाली. "पानानं ओढून घेतला, पण ऊन नाही, पाणी नाही, त्याचं प्रथिन झालंच नाही. नायट्रेट म्हणून तसाच साठून राहिला. पोटात जाऊन त्याचं विष झालं."

औषध शिरेत गेलं, तिसरी गाय वाचली. दोघी गेल्या.

तेव्हा कुठं गोदाबाईला तो भारा आठवला. ती अनवाणीच धावत सुटली.

नत्थुजींची गाय अंगणात ताठ पडली होती. वासरू तिच्या कासेला ढुसण्या देत होतं. जमलेले लोक म्हणत होते, पान लागलं, म्हणजे साप चावला. गोदाबाई गप्प राहिली असती, तर कुणालाच काही कळलं नसतं.

"साप नाई, भाऊ," ती म्हणाली. "माया मक्यानं मारलं तिले."

वासराला बाजूला ओढत नत्थुजी म्हणाले, "काहून आनला तुमी तो भारा?"

तिनं वाचलेली गाय देऊ केली.

"मले तुमच्या घरचं काईच नोको."

वाळवूनही ते विष जात नाही, असं आरतीनं बजावलं होतं. गोदाबाईनं उभा मका नांगरून टाकला. वरच्या दुधावर वासरू काही जगलं नाही. ते गेल्याचं तिला दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. नत्थुजींच्या घरून निरोप आला नाही.