दसऱ्याआधी क्लच झालाच पाहिजे!

चार मित्र जमले की कुणी नोकरीचे किस्से सांगतं, कुणी लग्नाचे. आमच्याकडे जीपचे आहेत. जीप एकच, तीही सुधाकरची, पण एक किस्सा सांगायला घेतला की दुसरा मागून हॉर्न देतो! आज फक्त क्लचचे सांगतो.

सुधाकर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होता. दोन हजार सालाच्या आसपास त्यानं लिलावातून मिलिटरीची जुनी जीप उचलली. ती डोंगरात कुठेही चढायची आणि सपाट रस्त्यावर कुठेही बंद पडायची. मग सुधाकर स्टिअरिंगवर आणि ढकलायला मी, आमचा बँकेतला मित्र दिलीप आणि सुधाकरची बायको, म्हणजे आमच्या मंगलवहिनी. भाच्याच्या मुंजीला जाताना वहिनींनी शालू खोचून ढकललीय!

*

एकदा पिंपळगावहून येताना इंजिन बोंबलायला लागलं, पण जीप काही पुढे सरकेना. करपट वास सुटला. दिलीपला वाटलं आपला स्वेटरच पेटला. त्यानं तो काढून झटकला, उलटा केला, पुन्हा घातला. वास तसाच!

तेवढ्यात कांद्याची गोणी लादलेला एक सायकलवाला आम्हाला ओलांडून पुढे गेला. थांबला, मागे वळला.

"भाऊ, दोरी हाय का? टोचन करतो!"

*

घरी आल्यावर वहिनींनी निकाल दिला. त्यांना अंगणात शिवणक्लासची शेड टाकायची होती आणि त्या जागेवर ही बया बसलेली.

"दसऱ्याला ही गाडी कुणी न ढकलता कॉलनीला फेरी मारून आली तर राहील. नाहीतर भंगारवाल्याला मी त्याच दिवशी बोलावलंय."

सुधाकरचा चेहरा पडला. त्या जीपवर त्याचा फार जीव होता. आमचाही होता, खोटं कशाला बोलू!

*

क्लचच गेलाय ना, हे आधी तपासायचं ठरलं. हँडब्रेक ओढायचा, टॉप गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन गचकन बंद पडतं. आमचं मस्त चालूच राहिलं.

"गेला!" सुधाकर ओरडला. "बंद पडत नाहीये!"

ओट्यावर सुधाकरचे वडील, अप्पा, पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा वर केला.

"इतके दिवस बंद पडायची म्हणून बिघडलेली होती. आज बंद पडत नाही म्हणून बिघडली?"

*

क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. सुधाकर जीपखाली आडवा झाला. आम्ही दोघांनी बोल्ट काढले आणि गिअरबॉक्स अलगद त्याच्या छातीवर येऊन बसला. आता तो उचलायचा कसा, यावर माझा आणि दिलीपचा वाद जुंपला.

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. कॉलनीत लाईट गेली की लोक सुधाकरला जाब विचारायचे, जणू तोच खटका पाडून घरी येतो! शेजारचे कुलकर्णीकाका आले. त्यांना जीपखालून फक्त सुधाकरची पावलं दिसत होती. ते पावलांशीच बोलायला लागले.

"सुधाकर, वीज तुम्ही बनवता, मग ती जाते कुठे?"

"काका," आतून बारीक आवाज आला, "छातीवर गिअरबॉक्स आहे."

"अरे, ताण कुणाला नसतो?" काका उकिडवे बसत म्हणाले. "पण माझ्या प्रश्नाचं उत्तर दे!"

*

नवी प्लेट बरोबर मधोमध बसवावी लागते. त्यासाठी तिच्या भोकात नीट बसेल असा दांडा हवा. दिलीपनं गल्लीतली सगळी लाटणी मापून पाहिली. टेप गुंडाळल्यावर वहिनींचंच फिट्ट बसलं. काम फत्ते! त्या संध्याकाळी पोळीला ग्रीसचा वास येत होता. अप्पांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "घशातून अगदी सुळकन उतरते."

*

आणि मग दसरा उजाडला. जीप धुतली, झेंडूच्या माळा घातल्या. सुधाकरनं इंजिन चालू करून क्लच दाबला आणि गिअर टाकायला गेला. खर्रर्र! गिअर पडेचना. त्यानं इंजिन बंद केलं.

"दिलीप, प्लेटला दोन बाजू असतात. कुठली आत ते एका बाजूवर रंगानं लिहिलेलं असतं. वाचलं होतंस ना?"

"लिहिलेलं?" दिलीप म्हणाला. "मी ते रॉकेलनं मस्त पुसून काढलं!"

प्लेट उलटी बसली होती, म्हणजे क्लच दाबला तरी इंजिन चाकांपासून सुटतच नव्हतं. पुन्हा उघडायला वेळ नव्हता. बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला. एकच मार्ग उरला. इंजिन बंद असतानाच पहिला गिअर टाकायचा आणि तसाच स्टार्टर मारायचा. थांबलं की इंजिन बंद, आणि बॅटरीत दम आता आणखी एका स्टार्टपुरताच होता, म्हणजे मध्ये थांबायची सोय नाही.

पूजा झाली. वहिनी ताट घेऊन शेजारी बसल्या. सुधाकरनं स्टार्टर मारला, जीपनं बेडकासारखी उडी घेतली, चाकाखालचं लिंबू फुटलं आणि स्वारी निघाली! वेग आपल्या चालण्याइतका. दोन्ही बाजूंनी कॉलनी चालतेय, कुणी चालत्या बॉनेटला कुंकू लावतंय. मी आणि दिलीप पुढे पळत गाई हाकलतोय.

कोपऱ्यावर कुलकर्णीकाका आपट्याची पानं घेऊन उभे. सोनं दिलं की मोठ्यांच्या पाया पडायला हवं, आणि सुधाकरला उतरता येईना. पण काका कसले सोडतात! त्यांनी एक पाय जीपच्या पायरीवर ठेवला आणि दुसऱ्यानं लंगडी घालत निघाले. सुधाकरनं एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्यानं नमस्कार केला.

"औक्षवंत हो!" काका धापा टाकत म्हणाले. "लाईट कधी येणार?"

फेरी पूर्ण झाली. घर आलं. सुधाकर घामानं निथळत होता. ब्रेक मारला तर गचकन बंद पडणार, आणि भंगारवाला गेटातच उभा. त्यानं वहिनींकडे चोरून पाहिलं.

वहिनींचे गाल लाल झाले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या या जीपमधून एकदाही खाली न उतरता घरापर्यंत आल्या होत्या.

"अहो, थांबवू नका!" त्या म्हणाल्या. "अजून एक फेरी!"

आणि गेटासमोरून जाताना त्यांनी बाहेर वाकून भंगारवाल्याला हात केला.

"भाऊ, तुम्ही जा! ही आता थांबत नाही!"