राघोजीचा ठावठिकाणा

सूर्यकांत आंबेरकरांनी लिफ्टमध्ये कुणाला गाठलं की राघोजी ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. "आमचे राघोजी! ब्रिटिशांच्या काळात बोटीत बसून मॉरिशसला गेले. ऊस लावला, जमीनदार झाले. तुम्ही आत्ता एनआरआय झालात हो, आम्ही घराण्याचेच एनआरआय!" 'घराण्याचेच' म्हणताना ते टाचा उचलत आणि टाचांबरोबर भुवयाही. दुबईत अल मनखूलच्या त्या बिल्डिंगमध्ये राघोजी दुसऱ्या मजल्यावर बोटीत बसत आणि सहाव्यावर जमीनदार होत. पुरावा एवढाच, की वडिलांनी एकदा जेवताना सांगितलं होतं, तेही तोंडात घास असताना.

पक्का पुरावा हवा म्हणून ते धाकट्या भावाच्या मागे लागले. उल्हास गावी, आंबेऱ्याला असे. दर शुक्रवारी त्याला फोन जायचा.

"उल्हास, आपल्या आगराचे जुने कागद काढ रे तालुक्याला जाऊन. राघोजीचं नाव असणार त्यात."

"काढतो की दादा. तलाठी रजेवर आहे."

पुढच्या शुक्रवारी तलाठ्याची सासू वारली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी रेकॉर्डच्या खोलीत साप निघाला.

"साप? मग यल्ला, कुणाला तरी बोलव आणि बाहेर काढ!"

"इन्शाल्ला, दादा," उल्हास म्हणाला. हा शब्द त्याने दादाकडूनच उचलला होता.

सूर्यकांतांचं सगळं म्हातारपण त्या आगरात होतं. मार्चमध्ये साठी, आणि साठीला नोकरी खलास, व्हिसा खलास. मग नारळी-पोफळींत घर बांधायचं. नकाशा तयार होता. देऱ्याच्या बाजारातून आणलेलं झुंबर पलंगाखाली खोक्यात होतं आणि केर काढताना त्यांची बायको अनुपमा रोज त्याला ठेचकाळायची.

"घराचा पत्ता नाही आणि म्हणे झुंबर!"

"चारशे दिरहॅम! म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये. गावात आहे का कुणाकडे?"

शेवटी काम शेजारच्या अपर्णाने केलं. सुट्टीला ती रत्नागिरीला गेली. तिचे मामा तहसील कचेरीत होते. जमिनीवरचं नाव जेव्हा जेव्हा बदललं, तेव्हाच्या सगळ्या नोंदी त्यांनी काढल्या, मोडीतल्या बाळबोधीत उतरवून घेतल्या आणि पाकीट चिकटवून दिलं. सूर्यकांतांनी ते घरी उघडलं नाही. गणपतीत अपर्णाच्या हॉलमध्ये मंडळाचं जेवण होतं, तिथे भर पंगतीत उघडलं आणि चौदा वर्षांच्या लेकीच्या हातात दिलं.

"आमची केया दुबईत वाढली, पण मराठी अस्खलित वाचते!"

"पपा, आय कान्ट. जोडाक्षरं आहेत."

"वाच!"

ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकावा तशी केया वाचू लागली. "रा-घो-जी मॉरिस बेटी गेला. बारा वर्षे ठा-व-ठि-काणा नाही. सबब… व्हॉट इज सबब? …त्याचा पुतळा करून…"

"पुतळा!" सूर्यकांतांच्या टाचा उचलल्या. "ऐकलंत? पुतळा!"

"उभारलेला नाही हो," अनुपमा हळूच म्हणाली. "जाळलेला. माणूस सापडत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा करून जाळतात, तो."

"…क्रिया केली," केया रेटत राहिली. "भाऊ बाबाजी याचे नाव लागले." पुढच्या कागदात राघोजी परत आला होता, रिकाम्या हातांनी. मी जिवंत आहे, माझी जमीन द्या, असा त्याचा अर्ज होता. अर्ज नामंजूर. त्याच्या पुढच्या कागदात त्याच आगरात पाणी लावायला एक मजूर होता, नाव राघोजी.

चौथ्या मजल्यावरचा निनाद म्हणाला, "काका, जमीनदार नसले तरी जमिनीवर होते हं."

सगळे खदखदले. सूर्यकांत लाल झाले, पण क्षणभरच. "अहो, पण मी बाबाजींचा पणतू! सख्खा! डोकं बघा बाबाजींचं! बोटीत बसला तो गेला. जमीन जो जागेवर राहतो त्याची!"

"मग आपलं काय, भावजी?" अपर्णाने विचारलं. "आपण सगळे विमानात बसलो."

"आपली गोष्ट वेगळी. आपण दर महिन्याला पैसे पाठवतो!"

"पपा, अजून एक पेज आहे."

"वाच, बाबाजींनी अजून काहीतरी मिळवलं असणार."

"सन एकोणीसशे त्र्याण्णव. वडील मयत. वारस धाकटा मुलगा उल्हास. थोरला मुलगा सू-र्य…" केयाचा चेहरा उजळला. "पपा, इट्स यू! यू आर इन इट!"

कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"…सूर्यकांत परदेशी गेला. परागंदा. बारा वर्षे ठावठिकाणा नाही. नोटीस चावडीवर लावली. हरकत आली नाही. उल्हास याचे नाव लागले."

शेवटची ओळ तिने एकदाही न अडखळता वाचली. टाळ्या मध्येच थांबल्या. "अहो, श्रीखंड घ्या ना," अपर्णा म्हणाली. कुणाला म्हणाली, ते कळलं नाही.

सूर्यकांतांनी घरी येऊन फोन लावला.

"दादा? आज कुठे शुक्रवार?"

"मी परागंदा? मग दर शुक्रवारी बोलतोस कुणाशी रे तू?"

"ओरडू नकोस. तलाठ्याने तुझा पत्ता मागितला. मी तुझा पोस्ट बॉक्स नंबर दिला. तो म्हणाला, पोस्ट बॉक्सात माणूस राहतो का?"

"आणि पैसे? ते कुठून येत होते?"

"पोचले की सगळे! त्यातूनच आगराला कंपाउंड घातलं. रागावू नकोस दादा. शेवटी जमीन जो जागेवर राहतो त्याची, नाही का?"

सूर्यकांतांचंच पंगतीतलं वाक्य गावाहून परत आलं होतं. दोघेही बाबाजींचेच पणतू.

"मार्चमध्ये मी येऊ कुठे?" त्यांनी विचारलं. आवाज एवढासा झाला होता.

"ये की! माळ्यावर खोली आहे. आगराला पाणी लावायला घरचं माणूस असलेलं बरं. आणि दादा, ते झुंबर नीट बांधून आण हां. आमच्या हॉलचं माप घेऊन ठेवलंय."

मार्चमध्ये कार्गोवाला खैरुद्दीन खोकी बांधायला आला. झुंबराच्या खोक्यावर मार्कर टेकवून त्याने विचारलं, "साब, नाम किसका डालूं?"

सूर्यकांतांनी सवयीने टाचा उचलल्या. भुवयाही निघाल्या होत्या, पण त्या अर्ध्यावरच राहिल्या.

"लिखो," अनुपमा म्हणाली, "उल्हास आंबेरकर."